धरणाचे वय आणि धरणाखालचे गाव



धरण बांधून पूर्ण झाले, कालव्यातून पाणी खेळू लागले आणि कोनशिलेवरील पडदा दूर झाला की धरणाचे काम संपले, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती नेमकी याच्या उलट आहे. जलाशयात ज्या दिवशी पहिले पाणी साठते त्या दिवसापासून धरणाचे खरे आयुष्य सुरू होते. त्या दिवसापासून पाण्याचा भार त्याच्या अंगावर अहोरात्र असतो आणि तो पेलण्याची त्याची ताकद दरवर्षी तपासावी लागते.

देशातील सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. त्यांची संख्या दोन हजारांहून अधिक आहे. राज्याच्या स्थापनेनंतर आणि विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगावी जी पाणीसाठ्याची कामे उभी राहिली, त्यांतील बहुतेकांनी आता चाळीस-पन्नास पावसाळे पाहिले आहेत. भंडारदऱ्याचे धरण तर १९२६ साली पूर्ण झालेले आहे. म्हणजे आजोबांनी बांधलेल्या धरणाच्या पाण्यावर नातवंडांची शेती उभी आहे. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु तिच्याबरोबर एक जबाबदारीही येते. धरण जुने झाले म्हणजे ते धोकादायक झाले काय, आणि धोकादायक म्हणजे नेमके काय, हा प्रश्न धरणाखाली राहणाऱ्या प्रत्येक गावाने स्वतःला विचारला पाहिजे.

दोन वेगळे प्रश्न

या विषयात दोन प्रश्नांची नेहमी गल्लत होते. पहिला प्रश्न असा, की धरणाची प्रकृती कशी आहे? दुसरा प्रश्न असा, की हे धरण उद्या फुटलेच तर कोणाचे किती नुकसान होईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर धरणाच्या भिंतीत शोधावे लागते. दुसऱ्याचे उत्तर धरणाखालच्या खोऱ्यात.

एक साधे उदाहरण घेऊ. माळावर एकटे उभे असलेले वठलेले झाड आणि शाळेच्या अंगणातील हिरवेगार झाड, यांत प्रकृती कोणाची वाईट? अर्थातच माळावरच्या झाडाची. परंतु ते पडले तर फार तर एखादे कुंपण मोडेल. शाळेतले झाड निरोगी असले तरी त्याच्या सावलीत रोज शंभर मुले बसतात. म्हणून त्याच्या फांद्यांची तपासणी अधिक वेळा आणि अधिक बारकाईने करणे भाग आहे. धरणांचेही असेच आहे. एखादे धरण ‘उच्च धोक्याच्या’ वर्गात आहे, याचा अर्थ ते मोडकळीस आले आहे असा होत नाही. त्याच्याखाली पुष्कळ माणसे राहतात, एवढाच त्याचा अर्थ. हा भेद न समजल्याने एकीकडे विनाकारण घबराट पसरते आणि दुसरीकडे ‘आमचे धरण मजबूत आहे’ या समाधानात खालच्या वस्तीचा विचारच राहून जातो.

मुठेच्या खोऱ्याचा धडा

हा भेद महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. पुण्याजवळ मुठा नदीवरील खडकवासला धरण कर्नल फाईफ यांच्या देखरेखीखाली बांधले गेले. १८६९ साली सुरू झालेले हे दगडी बांधकाम १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले. १९६१ साली या धरणाने ऐंशी वर्षे ओलांडली होती आणि ते भक्कमपणे उभे होते. त्याच्या वरच्या अंगाला, मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर, पानशेतच्या मातीच्या धरणाचे काम चालू होते. काही कामे पूर्ण व्हावयाची असतानाच त्या पावसाळ्यात त्यात प्रथमच पाणी साठले. कोणत्याही धरणाच्या आयुष्यात पहिल्यांदा पाणी भरण्याचा काळ हा सर्वांत नाजूक असतो. पाणी सोडण्याच्या मोरीवरील मातीचा भराव खचू लागला. जवानांनी वाळूची पोती रचून रात्रभर झुंज दिली. तथापि १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेत फुटले.

पानशेतचे सारे पाणी खडकवासल्याच्या जलाशयात आले. जुने दगडी धरण माथ्यावरून पाणी वाहत असतानाही काही तास उभे राहिले आणि अखेर दुपारी तेही फुटले. त्या काही तासांमुळे असंख्य पुणेकरांना उंच जागी जाता आले. तरीही शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार अशा नदीकाठच्या पेठांत हाहाकार उडाला. पूर ओसरल्यावर हाती राहिले ते पडलेले वाडे, चिखल आणि पाणीटंचाई. कारण शहराची तहान भागवणारा जलाशयच रिकामा झाला होता.

या घटनेत खडकवासल्याच्या बांधकामाचा दोष नव्हता. त्याच्या आयुष्याचाही नव्हता. एका खोऱ्यातील धरणे ही एका साखळीच्या कड्यांसारखी असतात. वरचे कडे तुटले की खालच्यावर त्याच्या कुवतीबाहेरचा भार येतो. म्हणून एखाद्या धरणाच्या धोक्याचा विचार करताना त्याच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हे दोन्ही पाहावे लागते. पुढे ही दोन्ही धरणे नव्याने उभी राहिली आणि आजही पुण्याला व परिसरातील शेतीला पाणी देत आहेत.

याच खोऱ्यातील टेमघर धरण त्या मानाने अगदी अलीकडचे. तरीही २०१६ साली त्यातून मोठी गळती होत असल्याचे उघड झाले आणि भिंतीत दाबाने सिमेंटचे मिश्रण भरून ती आटोक्यात आणण्याचे काम हाती घ्यावे लागले. ऐंशी वर्षांचे धरण भक्कम आणि नवे धरण गळके, असेही घडू शकते. वय ही एक खूण आहे, निकाल नव्हे.

लहान धरण, मोठा घात

‘आमचा तलाव तो केवढा! त्याने काय होणार?’ असे अनेक गावांत ऐकू येते. या प्रश्नाचे उत्तर कोकणातील चिपळूण तालुक्यात मिळते. तिवरे येथील धरण लहान होते आणि त्याला बांधून फार वर्षेही झाली नव्हती. गळती होत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधी केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री, मुसळधार पावसात, ते फुटले आणि पायथ्याची भेंदवाडी झोपेतच पाण्याखाली सापडली. वीसहून अधिक माणसे वाहून गेली.

तिवऱ्याचे धरण आकाराने लहान होते. परंतु वाडी त्याच्या पायथ्याशीच होती आणि वेळ रात्रीची होती. धरण फुटल्यावर पाणी किती अंतरावर किती वेळात पोचते, यावर माणसे वाचणे अवलंबून असते. दूरच्या शहराला काही तास मिळतात. पायथ्याच्या वाडीला काही मिनिटे. म्हणून केवळ धरणाची उंची आणि साठा यांवरून त्याचा धोका ठरत नाही. उंबरठ्यापासून भिंत किती दूर आहे, यावरही तो ठरतो.

धरण म्हातारे कसे होते

मातीच्या धरणाच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचा भराव, पाण्याच्या बाजूस दगडी पिचिंग आणि पायथ्याशी पाझर सुरक्षितपणे बाहेर काढणारा निचरा असतो. मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरणे स्वाभाविक आहे. पाझर स्वच्छ आहे, मोजमापात दरवर्षी सारखाच आहे, तोवर चिंता नाही. परंतु पाझराचे पाणी गढूळ झाले तर ते धरणाच्या पोटातील माती घेऊन बाहेर पडत आहे असे समजावे. आत पोकळी वाढत जाते आणि एके दिवशी वरून धडधाकट दिसणारा भराव अचानक खचतो. भरावावर वाढलेली झाडे, त्यांची खोल गेलेली व पुढे कुजलेली मुळे, उंदीर-घुशींची आणि खेकड्यांची बिळे ही पाण्याला आयती वाट करून देतात.

दगडी धरणाचे दुखणे निराळे. जुन्या बांधकामातील चुना वर्षानुवर्षे पाण्याबरोबर धुपून जातो, सांधे मोकळे होतात आणि पायाखाली शिरलेले पाणी धरणाला खालून वर उचलू पाहते. हा दाब कमी करणारी निचऱ्याची छिद्रे बुजली तर धोका वाढतो. अशा दुखण्यांवर इलाज नाही असे नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला तडे गेले, तेव्हा ते दुरुस्त करून भिंतीच्या पाठीशी टेकू उभारण्यात आले. भंडारदऱ्याच्या धरणालाही असाच आधार देऊन बळकट करण्यात आले. वेळीच रोग कळला तर म्हातारे धरणही पुढच्या पिढीची सेवा करू शकते.

तिसरे दुखणे धरणाच्या भिंतीत नसून आकाशात आहे. सांडवा किती मोठा असावा, हे बांधकामाच्या वेळी उपलब्ध असलेल्या पावसाच्या नोंदींवरून ठरवलेले असते. त्यानंतर नोंदी वाढल्या, पावसाची रीतही बदलली. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधील मोरवीजवळचे मच्छू-२ हे धरण फुटले, ते सांडव्याच्या कुवतीच्या दुपटीहून अधिक पूर आल्याने. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की तो फार काळ टिकत नाही. मोरवी शहरात त्या दिवशी हजारो बळी गेले. या दुर्घटनेनंतर देशात धरण सुरक्षिततेचा विचार गांभीर्याने सुरू झाला. महाराष्ट्रात १९८० साली नाशिक येथे धरण सुरक्षितता संघटना स्थापन झाली.

वर्गवारी कशी होते

आता मूळच्या दोन प्रश्नांकडे वळू. पाहणीनंतर धरणाच्या दोषांची तीन वर्गांत नोंद केली जाते. ज्या दोषामुळे धरण फुटू शकते तो पहिला वर्ग. जे दोष गंभीर आहेत आणि ज्यांची दुरुस्ती तातडीने झाली पाहिजे तो दुसरा. वर्षभरात नेहमीच्या देखभालीत दूर करता येण्यासारखे किरकोळ दोष तो तिसरा. ही झाली प्रकृतीची वर्गवारी.

धोक्याची वर्गवारी वेगळ्या कसोट्यांवर होते. धरण फुटल्यास किती लोकांचे प्राण संकटात येतील, घरे, शेती, रस्ते, पूल, कारखाने यांची किती हानी होईल, पर्यावरणाचे व वारशाच्या वास्तूंचे काय होईल आणि प्रत्यक्ष प्रकल्पाचे नुकसान किती, हे त्यात पाहिले जाते. सांडव्याच्या क्षमतेविषयीच्या १९८५ सालच्या भारतीय मानकातही हे तत्त्व आहे. १० दशलक्ष घनमीटरपर्यंत साठा असलेल्या लहान धरणाला १०० वर्षांतून एकदा येणारा पूर पुरेसा मानला असला, तरी खाली हानीचा संभव मोठा असेल तर याहून मोठा पूर गृहीत धरण्यास ते मानक मुभा देते. आकड्यांच्या कोष्टकापेक्षा खालच्या माणसांना अधिक किंमत द्यावी, असाच याचा अर्थ.

यातून सर्वांत महत्त्वाचा मुद्दा निघतो. धरणाची भिंत जागच्या जागी राहते. पण तिच्याखालचे गाव वाढत जाते. ज्या वेळी धरण बांधले त्या वेळी खाली केवळ जिरायती शेत असेल. तीस वर्षांनी तिथे पाण्याच्या सोयीमुळे वाडी बसते, मग शाळा येते, मंगल कार्यालय येते, रस्त्याकडेला दुकानांची ओळ उभी राहते. भिंतीचा एक दगडही न हलता ते धरण कमी धोक्याच्या वर्गातून उच्च धोक्याच्या वर्गात जाते. हा बदल अभियंत्याच्या नोंदवहीत घडत नाही. तो ग्रामपंचायतीच्या दप्तरात, बांधकामाच्या परवानगीच्या कागदावर घडतो.

याच संदर्भात पूररेषांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. नदीकाठी आखली जाणारी निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. धरण फुटल्यास येणारे पाणी या रेषा मानीत नाही. लाल रेषेबाहेर घर आहे म्हणून धरणाच्या धोक्यापासूनही ते सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढू नये.

कायदा काय सांगतो

धरण सुरक्षितता अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून देशात लागू झाला. १५ मीटरपेक्षा अधिक उंचीची सर्व धरणे आणि १० ते १५ मीटर उंचीची, परंतु लांबी, साठा, पूरवहन किंवा पाया यांसंबंधीच्या ठराविक अटींत बसणारी धरणे या कायद्याच्या कक्षेत येतात. धरण ज्याच्या मालकीचे, त्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी केलीच पाहिजे. मोठा पूर, भूकंप किंवा दोषाचे चिन्ह दिसल्यास विशेष पाहणी केली पाहिजे. देखभालीसाठी निधी राखून ठेवणे, आपत्कालीन कृती योजना तयार करणे आणि स्वतंत्र तज्ज्ञांच्या मंडळाकडून ठराविक काळाने सर्वंकष मूल्यमापन करून घेणे, ही कर्तव्येही मालकावर टाकली आहेत. धरणांची धोक्यानुसार वर्गवारी करण्याचे काम राज्याच्या धरण सुरक्षितता संघटनेचे आहे. कायद्याखाली दिलेले निर्देश पाळण्यास नकार दिल्यास शिक्षेची तरतूद आहे.

तथापि १० मीटरपेक्षा कमी उंचीचे असंख्य पाझर तलाव आणि गावतलाव या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांतील कित्येक दुष्काळी कामांतून, श्रमाच्या घामातून उभे राहिलेले आहेत. कायद्याची नजर जिथे पोचत नाही तिथे गावाची नजर पोचली पाहिजे.

आपल्या हातात काय आहे

पंचायतीने पहिली गोष्ट करावी ती ही, की गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या प्रत्येक धरणाची व तलावाची यादी दप्तरी ठेवावी. तो कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे, पाहणी शेवटची कधी झाली, कोणते दोष कोणत्या वर्गात नोंदले गेले आणि पुढे दुरुस्ती झाली काय, ही माहिती लेखी मागावी व ग्रामसभेत वाचून दाखवावी. आपत्कालीन कृती योजना असल्यास आपल्या गावाला लागू असलेला भाग मराठीत मिळवावा.

दुसरी गोष्ट, भरावाच्या पायथ्याशी, सांडव्याच्या तोंडाशी आणि ओढ्याच्या पात्रात नवे बांधकाम होऊ देऊ नये. परवानगीचा अर्ज आला असता धरणाच्या अधिकाऱ्याचे मत घेतल्याशिवाय ठराव करू नये. सांडव्यात वाढलेली झुडपे, मासेमारीसाठी किंवा साठा वाढवण्यासाठी टाकलेले मातीचे बांध हे पुराची वाट अडवतात. ते तत्काळ काढून टाकावेत.

तिसरी गोष्ट तक्रारीविषयी. भरावाखाली गुरे चारणाऱ्या मुलाला ओलसर जागा सर्वांत आधी दिसते. त्याने सांगितलेली गोष्ट सरपंचापर्यंत, आणि सरपंचाची तक्रार अभियंत्यापर्यंत, तारीख घालून व पोच घेऊन गेली पाहिजे. आणि अधिकाऱ्याने ती तक्रार केवळ फाईलला न लावता जागेवर जाऊन पाहिली पाहिजे. पाझर गढूळ आहे की स्वच्छ, हे कचेरीत बसून कळत नाही. पाहणीनंतर काय आढळले, ते गावाला कळवणे हाही कर्तव्याचाच भाग होय. ज्या गावाला उत्तर मिळते ते गाव पुढच्या वेळीही वेळेवर खबर देते.

शिक्षकांकडे चौथे काम आहे. गावाच्या नकाशावर धरण, ओढा, वस्त्या आणि उंच जागा दाखवून पाणी कोणत्या वाटेने येईल व कोणत्या वाटेने बाहेर पडावे, हे मुलांकडून काढून घेता येईल. वर्षातून एकदा, जून महिना लागण्यापूर्वी, त्या वाटेने मुलांना प्रत्यक्ष चालवावे. भोंगा, दवंडी, मंदिराचा वा मशिदीचा ध्वनिक्षेपक, मोबाईलवरील संदेश, यांपैकी रात्री वीज गेल्यावर कोणते साधन चालेल, याचा विचार आधीच व्हावा. घरातील वृद्ध, आजारी आणि अंथरुणाला खिळलेली माणसे कोणी उचलावयाची, तेही नावानिशी ठरलेले असावे.

समारोप

धरण हे खोऱ्यातील सर्वांचे सामायिक धन आहे. त्याच्या पाण्यावर हक्क सांगणाऱ्यांची संख्या मोठी असते. पाण्याच्या पाळ्यांवरून ग्रामसभा गाजतात. तीच ग्रामसभा वर्षातून एकदा भिंतीच्या प्रकृतीवरही बोलली तर किती बरे होईल. धोक्याची वर्गवारी हा भीती घालणारा शिक्का नसून कोणत्या धरणाकडे आधी लक्ष द्यावे हे सांगणारा क्रम आहे. आपले धरण कोणत्या वर्गात आहे, हे पायथ्याच्या वाडीतील माणसाला ठाऊक असणे हा त्याचा अधिकार आहे.

यंदाच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पंचायतीने एक सकाळ धरणासाठी राखून ठेवावी. सदस्य, शिक्षक आणि संबंधित अभियंता यांनी मिळून भरावाच्या माथ्यावरून आणि नंतर पायथ्यावरून चालत जावे. माथ्यावर उभे असताना वस्तीकडे पाहावे, आणि वस्तीत उभे असताना भिंतीकडे. भिंतीचे दोष अभियंत्याच्या वहीत उतरतील. वस्तीत नव्याने उभी राहिलेली घरे पंचायतीने त्याच वहीत नोंदवून घ्यावीत.